कडुनिंबाखालचं ओलं पोतं

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात जाते म्हटल्यावर धाकट्या बहिणीने मला वेड्यात काढलं. पण तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, कडक उन्हात जीव कसे तगतात ते फळ्यावर काढून दाखवलं आणि डोळ्यांनी कधी पाहिलं नाही, याची निवृत्तीनंतर लाज वाटू लागली होती. त्यातच दारव्ह्याजवळच्या तांड्यावरून माझी जुनी विद्यार्थिनी ज्योती राठोड हिचा फोन आला. तिला मुलगी झाली होती. "मॅडम, बाळाला बघायला या," म्हणाली. एक गोष्ट आधीच कबूल करते. सापांची मला भयंकर भीती वाटते. बरणीतला मेलेला साप वर्गात दाखवायचा असला तरी मी शिपायाला पुढे करत असे.

दारव्ह्याला एसटीतून उतरले तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते आणि डांबर चपलेला चिकटत होतं. काळी-पिवळीच्या (वडाप जीपच्या) ड्रायव्हरने माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं.

"मॅडम, कान बांधा. ऊन लागलं त पाहुनचार दवाखान्यात होईन."

मी मुकाट्याने ओढणी गुंडाळली. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर सागाचं एक पान नव्हतं. पाणी उडून जाऊ नये म्हणून साग पानंच टाकून देतो, हे मी किती वेळा शिकवलं असेल. पण मैलोन्मैल उभे ते सांगाडे मी पहिल्यांदाच पाहत होते. तांड्याच्या वळणावर एका दगडावर सरडा होता. तोंड उघडं, आणि पाय आळीपाळीने वर उचलत होता. मी वही काढेपर्यंत तो दगडाच्या सावलीत गेला. त्यानंतर दुपारपर्यंत बाहेर हलणारं काही दिसलं नाही.

ज्योतीच्या सासूला सगळे याडी (आई) म्हणतात. तिने ज्वारीची बाटी (भाकरी), ठेचा आणि कांदा वाढला, मग ताक दिलं. मी दोन घास कमी खाल्ले तर म्हणाली, "काहून? गोड नाही लागलं काय?" मी तिसरी बाटी घेतली. जेवण उरकून ती शेजारच्या घरी आडवी व्हायला गेली. जाताना दारातून बजावून गेली, "आता बाहीर नका निघू बाप्पा."

एक वाजता वीज गेली आणि कूलर थांबला. पत्रे तापून तडतडू लागले. तीन महिन्यांची पोर लुगड्याच्या झोळीत रडायला लागली, रडून रडून लाल झाली. ज्योती रात्रभर जागलेली. झोळीला झोका देता देता तिथेच जमिनीवर तिचा डोळा लागला. मी ओढणीने वारा घालत होते, तो वाराही गरमच होता. मला भीती वाटली, पोरीला काही झालं तर?

तेवढ्यात दारातून अंगणाच्या टोकाचा कडुनिंब दिसला. त्याच्या बुंध्याशी घड्या घातलेलं एक गोणपाटाचं पोतं होतं, चिंब ओलं. कोणीतरी विसरलेलं दिसतंय, मला वाटलं. पाणी उडतं तेव्हा गारवा येतो. शिक्षिका जागी झाली! मी चाळीस पावलं भाजत गेले, पोतं दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि घरात आणून झोळीच्या खाली ठेवलं. जड होतं, पण ओलं पोतं जड असायचंच. थोड्या वेळाने पोर शांत झाली. झोपेतच ज्योतीचा हात त्या गारव्याकडे सरकला आणि पोत्यावर विसावला. मी स्वतःवरच खूश होऊन भिंतीला टेकले.

अर्ध्या तासाने अंगणातून याडीचा आवाज आला.

"बोरा (पोतं) कोनं उचलला?"

तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "मी आणलं," म्हणून मी आत बोट दाखवलं. तिने तांब्या तिथेच खाली ठेवला आणि दबक्या पावलांनी आत आली.

ती कुजबुजली, "थो (तो) त्याचा हाये. रोज दुपारी मी भिजवतो. बाहीर गारवा भेटला त थो घरात येत नाही."

"कोण?"

तिने पोत्याच्या घडीकडे बोट केलं. "पोरीले उचला. हळू. आवाज नका करू."

झोळी पोत्याच्या बरोबर वर, जेमतेम वीतभर उंच होती. पोरीला घ्यायचं म्हणजे माझी बोटं पोत्याला टेकणार. मला पळून जावंसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. कशी पुढे गेले ते आठवत नाही. पोर उचलली, तिचा ओला श्वास मानेवर लागला. याडीने खाली वाकून ज्योतीचं मनगट दोन बोटांत धरलं आणि हात अलगद बाजूला ठेवला. मग पोत्याचं टोक धरून ती एकेक वीत मागे सरकत बाहेर गेली.

कडुनिंबाच्या सावलीत वरची घडी सुटली. काळं, चकचकीत अंग, त्यावर बारीक पांढरे पट्टे. मण्यार! तिने फक्त डोकं पुढच्या घडीत खुपसलं. याडीने वरून तांब्या ओतला.

"मारत का नाही?" मी विचारलं.

"एक मारली त दुसरी येते. कायले मारता? या उन्हात तिलेही जागा पायजे." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुमी कशी आनली, मॅडम?"

मी दोन्ही हात छातीशी नेऊन दाखवले. तिने माझे दोन्ही हात धरून उलटसुलट तपासले.

ज्योतीला जाग आल्यावर सगळं कळलं. ती रडली, मग माझीच समजूत घालू लागली. "रोजचंच आहे ना मॅडम, सांगायचं सुचलंच नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले. याडीने वाटेसाठी बाटी बांधून दिली आणि कांदा पर्समध्ये कोंबला.

आता पुण्यात पंख्याखाली बसून हे लिहिते आहे. ज्योती परवा फोनवर म्हणाली, याडी पाहुणा आला की आधी त्याला कडुनिंब दाखवते, मग पाणी देते. मी हसले. पण अजून ओलं पायपुसणं उचलताना हात थांबतो. साप शीतरक्ती, त्याला स्वतःची ऊब नसते, आजूबाजूला असेल तेवढीच. गारठलेला साप मंद असतो, ऊब मिळाली की जागा होतो. हे वाक्य मी तीस वर्षं लिहून दिलं. कडुनिंबापासून झोळीपर्यंत चाळीस पावलं होती, आणि तेवढा वेळ त्या मण्यारीला मिळत होती ती ऊब माझी होती.