मिरचीचं अर्धं गाणं

पाळणाघरात तिला सगळे मावशी म्हणायचे, आणि तिच्या पाठीमागे स्वयंपाकीणबाई 'रेडिओ' म्हणायची. दुपारचे साडेबारा वाजले, बावीस पोरांची तोंडं पुसून झाली, गाद्या पडल्या, पडदे ओढले, की आतून भांड्यांच्या खडखडाटात आवाज यायचा, "लागला गं बाई रेडिओ!" आणि खरंच लागायचा. मावशी गाद्यांच्या मधून गुडघ्यांवर सरकत जायची आणि प्रत्येक पोराला त्याच्या घरचं गाणं म्हणायची. ज्याचं त्यालाच. एकच अंगाई बावीस जणांना म्हणणं म्हणजे तिच्या लेखी सगळ्यांना एकाच मापाची चड्डी घालणं.

आसपासच्या कारखान्यांत कुठकुठची माणसं आलेली. कुणी डोंगरापलीकडचं, कुणी समुद्रापलीकडचं. नवं पोर दाखल झालं की मावशी आधी त्याच्या आईला स्टुलावर बसवायची. "नाव-पत्ता राहू दे गं. घरी काय म्हणून झोपवतेस ते म्हण." आई लाजायची, इकडेतिकडे बघायची, मग हळू आवाजात सुरू करायची. मावशी तीनदा ऐकायची, चौथ्यांदा स्वतः म्हणून दाखवायची. अर्थ कळो न कळो, शब्द चोख. सव्वीस वर्षांत अशी दोनशेच्या वर गाणी तिच्या गळ्यात बसली. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, पण जगातलं कुठलं बाळ काय ऐकून झोपतं ते तिला विचारा.

तिची एक खोड मात्र होती. ती फक्त पहिलं कडवं शिकायची. का, तर अर्थ विचारून विचारून तिच्या लक्षात आलं होतं की पहिल्या कडव्यात सगळीकडे चांदणं असतं, कोकरू असतं, दूध असतं. आणि दुसरं कडवं आलं रे आलं की घात. एका भाषेत कोल्हा येऊन बाळ पळवतो. दुसरीत होडी बुडते. तिसरीत तर आईच म्हणते, तू झोप, म्हणजे मला रडायला मोकळीक. "कशाला ते कडू लेकराच्या कानात?" असं म्हणून मावशी आईला मध्येच थांबवायची. शिवाय बावीस पोरं, एक गळा, दोनची घंटा. पहिल्या कडव्यावरच निम्मी पोरं आडवी व्हायची. कुणाचं काही अडलं नाही, आणि मावशीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग त्या गळ्यातच गाठ निघाली.

आवाज बसला तेव्हा आल्याचा काढा झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि समोरचा पेपरवेट सरळ करत म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. गुरुवारी सकाळी. जीव वाचेल, आवाज जाईल." मावशीने मान डोलावली. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर तिला पहिली आठवण झाली ती मिरचीची.

मिरची सव्वादोन वर्षांची. खरं नाव वेगळं, पण स्वभाव असा की बाप लाडाने मिरची म्हणायचा आणि सगळ्यांना ते पटायचं. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात होती, डोंगरापलीकडची, तिच्या गावाची बोली इथे दुसऱ्या कुणाला येत नव्हती. नवऱ्यालाही नाही, दोघं बाजारातल्या भाषेत संसार करत होते. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. आठ महिन्यांपूर्वी बाई चार दिवसांच्या तापात गेली. बाप पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याने शेजारणीच्या कडेवरून पोरीला घेतलं आणि तिथेच जिन्यात बसला.

तेव्हापासून मिरची रात्रीही मावशीच्याच घरी असायची, आणि झोपायची ती फक्त मावशीच्या मांडीवर, आईच्या गाण्यावर. 'हेया लुमे, हेया लु', अशी सुरुवात. नदी निजली, शेळी निजली, तूही नीज, असा अर्थ. मध्यंतरी तपासण्यांसाठी मावशी तीन दिवस रजेवर गेली, तर पोरीने पाळणाघर डोक्यावर घेतलं. झोप नाही, झोप नाही म्हणून खाणं नाही, खाल्लं ते ओकली. चौथ्या दिवशी तिला सलाईन लावावं लागलं. डॉक्टर बापाला म्हणाले, असं पुन्हा झालं तर मला खात्री देता येणार नाही. बापाने ट्रक सोडला, गावातल्याच गोदामात ओझी उचलायचं काम धरलं आणि मावशीच्या ऑपरेशनचं कळल्यावर तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मावशी, मला शिकवा ते गाणं."

"म्हणून दाखव बरं काहीतरी."

त्याने काहीतरी म्हणून दाखवलं. आतून स्वयंपाकीणबाई धावत आली, तिला वाटलं कुणाचा पाय दारात अडकला. मावशी हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. रुमालावर लाल ठिपका पडला तो तिने मुठीत दाबला. तो सोमवार होता. हातात तीन दुपारी.

सोमवारी त्याला शब्द सुद्धा धड येईनात. मंगळवारी शब्द आले, चाल पळाली. मावशी घोगऱ्या आवाजात म्हणायची, तो मागून म्हणायचा, कपाळावरचा घाम पुसायचा. "अरे, ढकलू नकोस, सोड! ट्रक आहे का तो?" ती ओरडायची, आणि ओरडलं की घशात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. बोलायचं किती आणि गायचं किती, तोलूनमापून वापरावं लागत होतं. बाकीच्या एकवीस पोरांना दोन दिवस गाणंच मिळालं नाही. ती कुरकुरत झोपली, मावशीला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बुधवारी बापाला कडवं आलं. सुरेल नव्हे, पण ओळखू येईल इतपत. मावशीने मिरचीला त्याच्या मांडीवर दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. देवा, एवढं होऊ दे, असं ती मनात म्हणत राहिली. त्याने म्हटलं. मिरची ऐकत होती. डोळे जड झाले, अंगठा तोंडात गेला. कडवं संपलं. आणि पोरीने डोकं उचललं, बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि तशीच थांबली.

"असंच करते ती," मावशी म्हणाली. "कडवं संपलं की बघते वर. मग मी पुन्हा पहिल्यापासून म्हणते."

बाप म्हणाला, "पुढचं नाही का शिकवणार?"

"पुढचं कुठलं?"

"पुढे माझं नाव येतं ना. हिच्या आईने एकदा मला फोनवर ऐकवलं होतं. मी गाडीत होतो, नीट ऐकू आलं नाही. पण शेवटी बाप घरी येतो, आणि बापाचं नाव घ्यायचं असतं. नाव आलं की ही हसायची. हसली की झोपायची. हिची आईच सांगायची मला."

मावशीला लख्ख आठवलं. स्टुलावर बसलेली ती बाई, ओल्या कामाने पांढरी पडलेली बोटं मांडीवर, आणि तिचं बोलणं: आता बापाचं कडवं येतं. आणि आपण काय म्हणालो? "पुरे गं बाई! गाण्यातला बाप कधी काही बरं आणत नाही." दोघी हसल्या होत्या. आपण विचारलं सुद्धा नाही काय आहे ते. इतक्या भाषांतली इतकी गाणी, आणि एका गाण्यात काहीतरी चांगलं होतं, तेच नेमकं आपण कापलं. आठ महिने ही पोर रोज मान वर करून वाट बघत होती, आणि आपण समजत होतो, हिला झोप येईना.

"मी ते शिकलेच नाही रे," ती म्हणाली. "ती म्हणत होती. मीच थांबवलं तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे ते कडवं माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही."

"आठवा ना, मावशी. थोडं तरी! सुरुवात तरी!"

"ऐकलंच नाही तर आठवू काय?" तिने कपाळावर हात मारून घेतला. "शिव्या घाल मला. घाल, पण मला ते येत नाही."

त्याने शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "मी तर तिथे नव्हतोच. तुम्ही होतात," आणि मिरचीकडे वळला. पोर अजून वाट बघत होती.

त्याने पहिलं कडवं पुन्हा म्हटलं. शेवटी आपलं नाव आपणच जोडून बघितलं, पण चालीशिवाय ते नाव हजेरीतल्यासारखं वाजलं. मिरची हसली नाही. तिने ओठ काढला. तिसऱ्या वेळेला ती रडायला लागली, पाचव्या वेळेला तिने त्याच्या छातीवर गुद्दे मारले, सातव्या वेळेला अंग ताठ करून किंचाळली. बाकीची पोरं उठून बसली. संचालिकाबाई दारापर्यंत येऊन परत गेल्या. मावशीने दोनदा हात पुढे केले आणि दोनदा मागे घेतले. आज तिने घेतलं तर उद्या कोण घेणार होतं? तो म्हणत राहिला. नदी निजली, शेळी निजली. अकराव्या वेळेला रडणं हुंदक्यांवर आलं, चौदाव्याला मान कलली, आणि पोर झोपी गेली.

बाप श्वास रोखून बसला. मग त्याने वर बघितलं. गेल्या आठ महिन्यांत त्याच्या तोंडावर असं हसू कुणी पाहिलं नव्हतं.

"झोपली," तो कुजबुजला. "मावशी, झोपली! दुसऱ्या कडव्याची गरजच नाही. एवढ्यावर झोपते ती. बरोबर आलं ना मला?"

मावशीने मिरचीकडे बघितलं. सव्वीस वर्षं पोरं झोपवली होती तिने, तिला कोण फसवणार? गाण्याने झोपलेल्या पोराची मूठ उघडते. हिच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या, भुवया जवळ आलेल्या, आणि झोपेतही श्वास मध्येच तीनदा अडखळत होता. पोर गाण्याने झोपली नव्हती. थकून, हरून, मागणं सोडून झोपली होती. आणि उद्याही अशीच झोपणार होती, किंवा नाहीच झोपणार.

तो अजून उत्तराची वाट बघत होता.

"आलं," मावशी म्हणाली. "अगदी बरोबर आलं."

तो पोरीला खांद्यावर घेऊन निघाला. दारातून बाहेर पडताना, पायऱ्या उतरताना, फाटकापाशी, तो ते अर्धं गाणं हळूच घोटत होता, विसरू नये म्हणून. आवाज अजून उद्या सकाळपर्यंत मावशीकडे होता. त्याला हाक मारावी, खरं सांगावं, असं तिला दोनदा वाटलं. पण खरं सांगून पुढे त्याला द्यायचं काय, हे तिला सुचेना, आणि तोवर तो कोपऱ्यावरून वळला.