आमच्या बाथरूममधली वायुगळती

कारखान्यांत ॲसिड कुठे ठेवलंय आणि ब्लीचिंग पावडर कुठे, हे तपासणं माझं सरकारी काम. दोन्ही एका खोलीत दिसली की माझं डोकं सटकतं. मॅनेजर चहा मागवतो, मी चहा पितो आणि तरीही काम बंद ठेवायची नोटीस देतो. "एकत्र आली तर विषारी वायू होतो, कळत नाही?" हे मी झोपेतही बडबडतो, असं बायको म्हणते. आईला मात्र माझं भारी कौतुक. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत ती भेटेल त्याला सांगते, "आमचा मुलगा कारखाने बंद करतो."

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "तेवढं बाथरूम घासा हो, उद्या पाहुणे येणारेत." मी ॲसिड ओतलं. पिवळे डाग काही हटेनात. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, वरून भसाभस ब्लीचिंग पावडर टाकली, दार लोटलं आणि हॉलमध्ये मखर लावायला आलो.

थोड्या वेळाने नाकाला वास झोंबला. हा वास ओळखायचाच तर मी पगार घेतो! म्हटलं, तुर्भ्याच्या कारखान्यांकडे गॅस सुटला. झालं, माझ्यातला साहेब जागा झाला. बाहेर गळती झाली की दारं-खिडक्या लावून आत बसायचं, हे मीच शाळांमधून शिकवतो. खटाखट सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत ओले टॉवेल कोंबले, ऑफिसात फोन करून टीम मागवली. वर बायकोला रुबाबात म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे ना."

आईला दमा आहे. ती आधी खोकली, मग तिला खोकताही येईना. पंप मारला तरी छाती भात्यासारखी वरखाली. खिडकी उघडावी तर बाहेर गॅस, असं माझं ज्ञान मला सांगत होतं.

बायको बाथरूमपर्यंत जाऊन नाक दाबत परत आली. "अहो, बाहेर कसला गॅस? तुम्हीच केलाय आत!" तिने टॉवेल उपसून फेकले, खिडक्या सताड उघडल्या, आईला धरून खाली नेलं. मी मागून पंप घेऊन धावलो.

खालच्या बाकावर मोकळ्या हवेत आईची धाप हळूहळू ओसरली. तेवढ्यात ऑफिसची जीप आली. मीच शिकवून तयार केलेली ज्युनिअर मास्क लावून वर गेली आणि खाली येऊन हळूच म्हणाली, "सर, दोन्ही एकत्र टाकलीत?"

"हो."

"सर, एकत्र आली तर..."

"माहितीये गं बाई!" सोसायटीचे चेअरमन कान टवकारून उभे होते.

घर हवेशीर झाल्यावर ज्युनिअर आणि मी पुन्हा वर जाऊन बघून आलो. मी म्हटलं, "आई, चल, आता काही नाही."

आई जागची हलली नाही. तिने ज्युनिअरकडे बघितलं. "बाई, तुम्ही सांगा. हा म्हणतोय ते खरं का?"

ती हो म्हणाली, तेव्हा कुठे आई उठली, तीही तिचाच हात धरून. जिव्हारी लागलं. पण आईचा श्वास सरळ चालला होता, म्हणून मी मुकाट्याने पंप खिशात टाकला आणि दोघींच्या मागून निघालो.