चितेचं माप
लोखंडाला मारतात त्या रेड ऑक्साइडचा वास आला की रसमड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातला कोरोनाचा उन्हाळा आठवतो. शाळा बंद, म्हणून आम्ही शाळांसाठी बनवायचो ते बेंचही बंद. आता घरीच बसावं लागणार असं वाटत असताना मालक हसत आला. "मुक्तिधाम का ऑर्डर है," तो म्हणाला, "वही लोहा, वही वेल्डिंग." बेंचाऐवजी स्मशानात सरण रचायचे लोखंडी सांगाडे करायचे होते. लांबी किती ठेवायची, ते त्यालाही माहीत नव्हतं. आमच्यातला सगळ्यात उंच माणूस म्हणजे माझ्या जोडीचा म्हातारा फिटर. तो सरळ फरशीवर आडवा झाला. "मार माह्या भोवती खडूनं रेघ," तो म्हणाला, "कावून भेऊन राहिला बे? काम तं भेटलं ना आपल्याले!" मी रेघ मारली. आम्ही सगळे हसलो. पंधरा दिवसांत कोरोनाने त्यालाच नेलं आणि मुक्तिधामात आमच्या सांगाड्यावर तो अगदी बरोबर मावला. आता कारखान्यात पुन्हा बेंच बनतात. जेवणाच्या सुट्टीत कोणी नव्या बेंचावर आडवा झाला की मी त्याला हात धरून उठवतो. नवे कामगार मला मालकाचा चमचा म्हणतात.