वरून तीस वजा

लाँड्रीतले सगळे त्याला ‘अर्धातास’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. ही काही गल्लीतली इस्त्रीची लाँड्री नव्हे बरं का. चार इस्पितळांच्या चादरी, टॉवेल आणि डॉक्टरांचे कोट रोज गाडीने येणार, धुऊन, वाफेवर वाळवून, घड्या घालून परत जाणार. ती वाफ करणारा बॉयलर मागच्या खोलीत होता, आणि त्या बॉयलरवर हा आमचा गृहस्थ. दर अर्ध्या तासाने काट्यासमोर उभं राहायचं, चष्मा पुसायचा, वाफेचा दाब वहीत लिहायचा. आग लागो, साहेब येवो, पोटात कावळे ओरडोत, अर्धा तास झाला की नोंद झालीच पाहिजे. तीस वर्षांत एक आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. विचारा कुणालाही.

आता अशा माणसाचाच दाब वाढावा, याला काय म्हणावं?

झालं असं की बॉयलरवर काम करणाऱ्यांची दरवर्षी तपासणी होते. डॉक्टरीणबाईंनी सही केली तर वर्षभर बॉयलर तुमचा, नाही केली तर चला घड्या घालायच्या टेबलावर. यंदा बाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. एकशे सेहेचाळीस आणि ब्याण्णव.

“थोडं वाढलंय,” बाई म्हणाल्या. “घाबरायचं कारण नाही, पण काणाडोळाही करायचा नाही. कसली काळजी करता का? ताण वगैरे?”

“मी? छे हो!”

“बरं. मीठ कमी करा, रोज चाला. आठवडाभर घरी मोजा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, न बोलता. वही घेऊन या, मग सहीचं बघू.”

सहीचं बघू! अर्धातासच्या तोंडचं पाणी पळालं. घड्या घालणं वाईट काम आहे असं नाही, पण तीस वर्षं ज्या खोलीत आपल्या शब्दाशिवाय झडप हलली नाही, तिथून उठून टॉवेलची टोकं जुळवायची? येताना त्याने मशीन विकत घेतलं, एक दोनशे पानी वही घेतली आणि घरी येऊन पट्टीने रकाने आखले.

सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा म्हणे! बॉयलरचा दाब कुणी दिवसातून चारदा मोजतं का? तेवढ्यात छप्पर उडून जाईल. त्याने आपला जुना शिरस्ता लावला. घरी असेल तेव्हा दर अर्ध्या तासाने. एकशे बेचाळीस. अर्ध्या तासाने एकशे अठ्ठेचाळीस. आकडा वाढला की धास्ती, आणि धास्ती घेतली की पुढचा आकडा आणखी वर. सुट्टीच्या दिवशी तर संध्याकाळपर्यंत दंड लालबुंद झाला.

बायको हे सगळं बघत होती. ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. शेजारीण जिन्यात भेटली तर हिचं “बरं, येते” म्हणून झाल्यावरही पाऊण तास जायचा. ती म्हणाली, “अहो, जरा त्या यंत्राला विश्रांती द्या. दमलं बिचारं. आणि शिट्टी द्यायला लागलात तर आधी सांगा, मी गॅलरीत जाऊन उभी राहते.”

“तुला चेष्टा सुचतेय. माझा बॉयलर जायची वेळ आलीय.”

“बॉयलर कुठे जातोय? तो भिंतीत बसवलाय.”

तिसऱ्या दिवशी मशीनने एकशे चौपन्न दाखवलं आणि आमच्या गृहस्थाच्या डोक्यात उजेड पडला. काटाच खोटा बोलत असला तर? त्याच्या धंद्यात याला साधी युक्ती होती. काट्याचा संशय आला की तो काढायचा आणि ज्याच्याबद्दल खात्री आहे अशा दुसऱ्या बॉयलरवर लावून बघायचा. दुसरा बॉयलर तर स्वयंपाकघरात भाजी चिरत उभा होता! कधी डोकं दुखलं नाही, कधी गोळी घेतली नाही, दिवसभर हसणं आणि बोलणं. बायको म्हणजे ठणठणीत. एकशे वीस आणि ऐंशी, डोळे मिटून लिहावं.

“अगं, इकडे ये. हात दे जरा.”

तिने हात दिला, पण तोंड काही मिटलं नाही. पट्टा फुगत होता आणि ती वरच्या मजल्यावरच्या सुनेची हकीकत सांगत होती. मशीनने आकडा दाखवला. एकशे पन्नास आणि चौऱ्याण्णव.

“सापडलं!” अर्धातास ओरडला. त्याचा जीव भांड्यात पडला. मशीन वरचा आकडा तीसने जास्त दाखवतंय आणि खालचा चौदाने. किती सोपं! त्याने वहीत आणखी दोन रकाने आखले. मूळ आकडे तसेच ठेवले, कारण खाडाखोड त्याला पाप वाटायची. शेजारी ‘वरून तीस वजा, खालून चौदा वजा’ असं दुरुस्त माप लिहिलं. दुरुस्त मापाप्रमाणे आपला गृहस्थ कॉलेजात जाणाऱ्या पोरासारखा निघाला. उरलेले चार दिवस तो शीळ घालत कामावर गेला.

आठव्या दिवशी नवरा-बायको दवाखान्यात हजर. बायको कशाला? तर म्हणे परत येताना भाजी घ्यायची होती. अर्धातासने वही उघडून बाईंसमोर ठेवली आणि छाती काढून सगळी उपपत्ती सांगितली.

डॉक्टरीणबाई मन लावून ऐकत होत्या. त्यांनी आधी स्वतःच्या यंत्राने त्याचा दाब घेतला, मग पाच मिनिटांनी त्याच्या मशीनने. वरचा आकडा त्यांच्या यंत्रावर एकशे चाळीस, त्याच्या मशीनवर एकशे एक्केचाळीस.

“तुमचं मशीन उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “वजा काही करायचं नाही.”

अर्धातासचा चेहरा पडला. बाई पानं उलटत होत्या. “मोजलंयत मात्र झपाटल्यासारखं. एवढं मोजलं तर माझाही वाढेल. सुट्टीच्या सकाळचे पहिले आकडे बरे आहेत बघा. आणि कामाच्या दिवशी निघायच्या आधीचे सगळ्यांत वर. लाँड्रीत काही झालंय का?”

“काही नाही,” तो म्हणाला. जरा जास्तच चटकन म्हणाला.

बाईंनी विषय ताणला नाही. “तीन महिन्यांपुरती सही देते. मोजायचं दिवसातून चारदाच. दाब उतरला नाही तर गोळीचं बघू, त्यात कमीपणा नाही. पण मला एक सांगा, हे तीस आणि चौदा तुम्ही काढलेत कशावरून?”

“हिच्यावरून,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

मशीन बरोबर होतं. म्हणजे ते एकशे पन्नासही बरोबर होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. बायको हसली, “अहो, मी तेव्हा बोलत होते ना, म्हणून असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या, “बोलण्याने वाढतं. म्हणून आता न बोलता घेऊ. बसा. पाठ टेका. पाच मिनिटं एक शब्द नाही.”

सहीचा कागद टेबलावर तयार होता. अर्धातासने तो उचललासुद्धा नाही. बायको खुर्चीत पाठ टेकून बसली होती, दंडाला पट्टा आणि ओठ मिटलेले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण हिला सलग पाच मिनिटं गप्प बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती. हसू गेल्यावर तिचा चेहरा किती थकलेला होता! हा कधीपासून असा आहे? रोज समोर असून दिसला कसा नाही? त्याला एकदम भडभडून आलं.

“घाबरलो होतो गं मी,” तो म्हणाला. “चार महिन्यांपूर्वी दाब वाढून बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तेव्हा. कुणाला काही झालं नाही, बॉयलरखालची आग मीच बंद केली, सगळ्यांनी पाठ थोपटली. पण तेव्हापासून रोज त्या खोलीच्या दारात थबकतो. तुला नाही सांगितलं. म्हटलं, तू उगाच घोर लावून घेशील.”

पट्टा फुगत होता. बायकोने ओठ घट्ट दाबून धरले होते, पण डोळ्यांतलं पाणी काही तिला दाबता आलं नाही.

“तो आवाज दोन गल्ल्या ओलांडून घरापर्यंत आला होता,” ती शेवटी बोललीच. “तेव्हापासून रोज तुमची पाळी सुटेपर्यंत मी गॅलरीत उभी असते. आणि तुम्ही घरी आलात की काहीबाही बडबडते. वाटायचं, आज सांगाल, उद्या सांगाल.”

मशीनने कुरकुर करून चूक दाखवली. बाईंनी हळूच पट्टा सोडला आणि खुर्ची ओढून अर्धातासला बायकोजवळ बसवलं.

“पाच मिनिटांनी पुन्हा घेऊ,” त्या म्हणाल्या. मग दोघांकडे बघून म्हणाल्या, “नाही, दहा घ्या. आधी बोलून घ्या सगळं.” आणि बाहेर जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.