अकरा वाजताची खिचडी

पोराच्या हनुवटीला हात लावून ती आधी त्याचे ओठ बघायची. ओठ सुकलेले दिसले की म्हणायची, ‘‘या पोटात सकाळपासून काय नाय गेला.’’ तिचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही.

झरीच्या अलीकडे एका पाड्यावर आमची शाळा आहे. तिथे ती पोरांचं दुपारचं जेवण शिजवायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. बसलेली अशी ती दिसायचीच नाही. तांदूळ चुलीवर चढवला की फाटकापाशी, तिथून वर्गाच्या खिडकीशी, परत चुलीशी. तिच्या येरझारा बघून मलाच दम लागायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यासमोर खुर्चीत बसायची लाज वाटते.

कारणही तसंच होतं. पाड्यावरचे आईबाप पहाटेच टेम्पोत बसून उंबरगावकडे मजुरीला जातात. पोरं उठून तशीच शाळेत येतात. नियमाने जेवण दीड वाजता. मावशी मात्र अकरालाच खिचडी उतरवायची आणि सुकलेल्या ओठांच्या पोरांना खिडकीतून हाक मारून वाढायची. बाकीच्यांना दीडला.

मी इंग्रजी शिकवतो. सहावीला ‘मील’ हा शब्द आला, तेव्हा कोश उघडून बसलो. कळलं ते असं, की हा शब्द मुळात जेवणाचा नव्हेच. त्याचा जुना अर्थ माप, ठरलेली वेळ. त्या वेळेला जे खायचं, त्यालाही मग मील म्हणू लागले. आपणही ‘दोन वेळचं’ म्हणतोच की! एवढं ज्ञान माझ्या पोटात राहीना. लगेच जाऊन मावशीला सांगितलं.

तिचा हात खिचडीत हलतच होता. ‘‘पन गुरजी, ती येळ ठरवली कोनी? जेवलेल्यानी का भुकेल्यानी?’’

मी हसलो. शिकलेल्या माणसाचं हसू, दुसरं काय.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब आले. मावशीचं कौतुक व्हावं म्हणून मीच बोलून गेलो, की या अकरालाच पोरांना वाढतात. वर विद्वत्ता पाजळली, की मील म्हणजे मुळात वेळ. साहेबांनी वहीतून मान वर केली.

‘‘वा, सर! मग ठरलेली वेळ पाळत का नाही तुम्ही?’’

महिन्याभरात मावशीला कामावरून कमी केलं. नवी बाई चांगली आहे, दीडच्या ठोक्याला वाढते. अकरा वाजले की वर्गातली काही डोकी खिडकीकडे वळतात. मी उगाच फळा पुसत राहतो.

परवा प्रशिक्षणासाठी डहाणूला गेलो होतो. चहाच्या सुट्टीत बाहेर पडलो, तर रस्त्यालगतच्या वाडीत बायका चिकू निवडत होत्या. त्यांत मावशी. मला बघून लगबगीने उठली. राग नाही, रडगाणं नाही. मी माफी मागायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं, ‘‘गुरजी, पोरा जेवली असतील ना आता?’’

माझ्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

‘‘जेवली,’’ मी म्हणालो.