बांध जिथल्या तिथे

परवा वाशीला एका दुकानाच्या काचेआड पाच टीव्ही ओळीने मांडून ठेवले होते आणि पाचांवर एकच माणूस गोल्फ खेळत होता. पाच कमरा एकदम पिळल्या, पाच काठ्या एकदम फिरल्या आणि पाच चेंडू एकाच आभाळात दिसेनासे झाले. मग पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला. चेंडू किती लांब गेला त्याचा, यार्डांत. फुटपाथवर थबकलेल्या आम्हा सातआठ जणांपैकी गोल्फ कुणालाच कळत नसावा, पण आकडा सगळ्यांना कळतो. "काय हाणलाय, बाप रे!" माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला. मी म्हणालो, "हो, पण मोजलं कुणी?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी पुढे गेलो. "आणि मोजणाऱ्याचे गुडघे कसे आहेत?" तेव्हा त्याने आपल्या बायकोचा हात धरला आणि ती दोघं पुढच्या दुकानाकडे निघून गेली.

वेड लागलेलं नाही मला. संशयाचा आजार आहे आणि तो कुठे जडला तेही मला ठाऊक आहे. कोपरखैरण्याच्या कडेला, खाडीच्या अंगाला आमच्या कारखान्याची वसाहत होती आणि वसाहतीच्या मागे सहा खड्ड्यांचं एक गोल्फचं मैदान होतं, ते अजून आहे. मैदान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हिरवा गालिचा येईल. तो गुंडाळून ठेवा. आमच्याकडे पावसाळा सोडला तर गवत पिवळं असे, आणि खड्ड्याभोवती जिथे खरी हिरवळ हवी तिथे जुनं तेल घालून चोपलेली वाळू असे. तुमचा खेळ झाला की एका लोखंडी नळीने ती वाळू पुन्हा सपाट करायची आणि मागून येणाऱ्यासाठी जागा सोडायची, असा शिष्टाचार. वारा खाडीकडून आला तर चिखलाचा वास, कारखान्याकडून आला तर पिकल्या केळ्यांसारखा गोडुस वास. आम्ही त्या दोन वासांमध्ये उभे राहून, पांढरे बूट घालून, स्वतःला साहेब समजत असू. फार सुखाचे दिवस होते.

या मैदानाचे खरे मालक म्हणजे मामा. कागदोपत्री नव्हेत. कागदोपत्री ते गवत कापणारे, वाळूला तेल पाजणारे, शेजारच्या बोनकोडे गावचे एक साठीला टेकलेले गृहस्थ होते. पण सहाव्या खड्ड्याची जमीन त्यांच्या वडिलांची भातशेती होती. नवीन शहर आलं, शेती गेली, मैदान झालं आणि मामा त्याच जमिनीवर कामाला लागले. शेताच्या दोनच खुणा उरल्या होत्या. एक, मैदानाला आडवा गेलेला जुना बांध. आणि दुसरी, जिथून आम्ही पहिला फटका मारायचो त्या उंचवट्याच्या, म्हणजे टीच्या, अगदी पाठीला टेकलेलं भेंडीचं झाड. भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठची. सकाळी पिवळी फुलं, संध्याकाळपर्यंत तीच विटकरी होऊन खाली. मामांच्या आईने ते लावलं होतं आणि लावणीच्या दिवसांत तिची पेज त्याच्याच सावलीत यायची. मामा जेवायला बसत ते तिथेच, झाडाकडे पाठ करून, बांधाकडे तोंड करून.

मामांकडे आणखी एक काम होतं, आणि त्यावर आमची सगळी इभ्रत टांगलेली होती. दर रविवारी सहाव्यावर आम्ही जीव खाऊन पहिला फटका मारायचो आणि चेंडू किती लांब गेला ते मामा पावलांनी मोजायचे. त्यांचं एक पाऊल म्हणजे एक यार्ड, पट्टीने लाजावं इतकं नेमकं. हात पाठीशी बांधून, ओठ हलवत ते चालत जात आणि तिथूनच आकडा ओरडत. मग तो आकडा पंपघराच्या भिंतीवर चुन्याने ज्याच्या त्याच्या नावापुढे चढे. सुरुवातीला, म्हणजे नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला, टीपासून बांधापर्यंतचं अंतर एकशे नव्वद पावलं होतं, आणि बांध गाठणारा माणूस आठवडाभर कारखान्यात वेगळ्या चालीने चालायचा.

मग काय झालं कोण जाणे, आमची भरभराट सुरू झाली. त्याच सुमाराला लाकडी डोक्याच्या काठ्या जाऊन धातूच्या आल्या होत्या. कुणाचा मेहुणा दुबईहून आणायचा, कुणाचा सिंगापूरहून. केबलवर परदेशातले व्यावसायिक खेळाडू दिसू लागले होते, पैलवानांसारख्या दंडांचे, आणि त्यांच्या फटक्यांपुढे तिथली जुनी मैदानं अपुरी पडू लागल्याच्या गोष्टी आम्ही चहाबरोबर चघळत असू. आमच्या भिंतीवरचे आकडेही चढत होते. एकशे नव्वदचे दोनशे झाले, दोनशेचे सव्वादोनशे. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. कुणी योगासनं सांगे, कुणी नवी काठी, कुणी पहाटेचं अंजीर. आमच्या मैदान समितीचे अध्यक्ष, वय चौपन्न, पोट स्वतंत्र, दोनशे तिसावर पोचले आणि मला दंड दाबून दाखवू लागले. "दाबा, दाबा. लाजू नका." मी दाबला. उशी होती. पण भिंतीवर चुन्याने लिहिलेलं होतं, त्याला काय करणार?

मला पहिला संशय आला तो स्वतःचा. माझी कंबर त्या वर्षी धरली होती. मी फटका मारायचो तो बहुतेक देवाच्या नावाने, तरी माझाही आकडा पंचवीस पावलांनी वाढला होता. इतर कुणाची प्रगती मी मोठ्या मनाने मान्य केली असती, पण माझी प्रगती मला मान्य होईना. मग एका रविवारी मी भिंतीकडे न बघता जमिनीकडे बघितलं. माझा चेंडू बांधाच्या अलीकडे, जिथे बांध थोडा ढासळला होता तिथे पडलेला होता. तीन वर्षांपूर्वी माझा उत्तम फटका पडायचा तो नेमका तिथेच. आकडा पुढे गेला होता, चेंडू मुक्कामालाच होता.

तेवढ्यात आमच्याकडे एक तरुण इंजिनिअर रुजू झाला. वडिलांचं कळंबोलीच्या लोखंडबाजारात गोदाम, त्यामुळे पोरगा सळया उचलतच मोठा झालेला. त्याने पहिल्याच रविवारी सहाव्यावर असा काही फटका हाणला की चेंडू बांध ओलांडून, पलीकडचा नाला ओलांडून, खारफुटीच्या तोंडाशी जाऊन पडला. टाळ्या वाजल्या आणि मग आम्ही सगळे आपापल्या काठ्या पुसू लागलो. या मुलापुढे आता हुशारीचं काय? वारा बघून चेंडू जमिनीलगत मारणं, नाल्याच्या अलीकडे थांबून पुढचा फटका मोजून मारणं, या ज्या बारीक युक्त्यांवर आम्ही संसार चालवला होता त्यांची गरजच संपत होती. अध्यक्षांनी मात्र यातून वेगळाच निष्कर्ष काढला. "आपण सगळेच लांब मारायला लागलोय, मैदान लहान पडतंय. परदेशात काय करतात? टी मागे नेतात. आपणही सहाव्याची टी चाळीस यार्ड मागे घेऊ." मागे काय होतं ते कुणी विचारलं नाही. मागे भेंडी होती. पुढच्या रविवारी लाकूडतोड्या बोलवायचा आणि तेव्हाच नव्या टीची जागा मामांच्या पावलांनी आखायची, असं ठरलं.

मी शनिवारी दुपारी मामांना गाठलं. ते झाडाखाली डबा सोडून बसले होते. मी नाटकी माणूस, सरळ विचारणं मला जमत नाही. म्हणालो, "मामा, जरा या झाडापासून पंपघरापर्यंत चालून दाखवता?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "चालून कशाला दाखवू, साहेब? तुमाला कललाय ना?"

"केव्हापासून?"

"दोन-अडीच वर्सां झाली. उजवा गुडगा वाकत नाय. पाऊल टाकतो, पन पाऊल पुडं पडत नाय."

"मग बोलला का नाहीत?"

मामा हसले. "आकडा ऐकला का तुमी पोरांवानी उड्या मारायचा. तुमचा त्वांड पाडायचा जीव नाय झाला. आन पावलांव ठेवलाय मला. पावलां गेली, मी बोललो, का उंद्या घरी."

दोन्ही बाजू माझ्यापुढे अशा स्वच्छ मांडल्या गेल्या. आकडे खरे मानले तर झाड जाणार होतं. आकडे खोटे आहेत हे कळलं तर मामा जाणार होते. मी, ज्याला वर्षभर साऱ्या वसाहतीचा संशय येत होता, त्या क्षणी फक्त एवढंच म्हणू शकलो, "मी काही बोलणार नाही, मामा." आणि परत येताना मला स्वतःच्या या थोरपणाचाही संशय आला. गप्प राहण्यात माझी पंचवीस पावलंही वाचत होती.

रविवारी लाकूडतोड्या करवत घेऊन आला होता. समिती टीवर जमली. अध्यक्षांच्या हातात चुन्याची बादली होती, समारंभाला असते तशी. "हं मामा, घ्या मोजायला. इथून मागे चाळीस."

मामा हलले नाहीत. त्यांनी झाडाकडे पाठ केली, जेवताना करायचे तशी, आणि म्हणाले, "मागं नको, साहेब. पैला पुडं मोजू. बांधापावत." मग त्या कळंबोलीच्या पोराकडे वळून म्हणाले, "तू ये रं माज्यासंगती. तू तुजी पावलां मोज, मी माजी मोजतो. एक यार्डाचा पाऊल टाक, जास्त नको."

दोघं निघाले. आम्ही बघत राहिलो. म्हातारा आणि जवान, शेजारीशेजारी. पन्नासेक पावलांत पोरगा पुढे निघाला, त्याला वाटलं आपलं चुकतंय, तो थांबला. मामांनी हाताने "चल, चल" केलं. बांधावरून पोराने आकडा ओरडला, "एकशे अठ्ठ्याऐंशी!" बऱ्याच वेळाने मामा पोचले. त्यांनी आकडा ओरडला नाही. तसेच चालत आमच्यापर्यंत परत आले, त्या गुडघ्यावर, आणि अध्यक्षांसमोर उभे राहून म्हणाले, "दोनशे चौदा. साहेब, बांध जितल्या तितं हाय. तुमचा फटका पन हाय तितंच हाय. माजा पाय आखुड झालाय."

बारा प्रौढ पुरुषांचं पौरुष एका वाक्यात चुन्यासह खाली उतरलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "म्हणजे माझे दोनशे तीस..."

"दोनशे दोन होतात सर," पोराने तत्परतेने सांगितलं. इंजिनिअर होता, हिशोब तयारच होता.

"तुला विचारलं नाही मी."

"सॉरी सर. पण माझा फटका खरंच जातो ना पलीकडे? म्हणजे झाड तोडायचं तर माझ्या एकट्यासाठी तोडावं लागेल." तो क्षणभर करवतीकडे बघत राहिला. "मग राहू दे की. मी सहाव्यावर छोटी काठी घेईन. टेन्शन काय त्यात?"

इतकं सोपं होतं ते. जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर आजही ज्याचा निकाल लागत नाही, तो कळंबोलीच्या एका पोराने लाकूडतोड्याचा चहा निवायच्या आत लावून टाकला. मैदान माणसाएवढं करायचं, की माणसाने एखाद्या रविवारी मैदानाएवढं व्हायचं, एवढाच तर प्रश्न असतो. अध्यक्ष बादली घेऊन पंपघराकडे गेले. आम्हाला वाटलं भिंत पुसतील. त्यांनी सगळ्या आकड्यांवर चुना फासला, स्वतःच्या आकड्यावर दोनदा, आणि परत येऊन लाकूडतोड्याला घरी जायला सांगितलं. झाडाला कुणी हात लावला नाही.

मामांचं मोजणं मात्र त्या दिवशी संपलं. दुसऱ्या महिन्यात चाक असलेलं एक यंत्र आलं, ढकललं की आपोआप यार्ड दाखवणारं. मामांना कुणी घरी पाठवलं नाही. अध्यक्षांनी, त्यांचा मान ठेवून सांगतो, त्यांना पंपघराची किल्ली दिली आणि बसून करायचं काम दिलं. पण पावलांची नोकरी गेली ती गेलीच. मामा एकदाच म्हणाले, "चाकाला गुडगा नाय, बरा हाय त्याचा." त्यात कडूपणा होता का, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हापासून कुणी वाढ सांगितली की मी मनातल्या मनात मोजणाऱ्याकडे बघतो. टीव्हीवरचे ते दंड खरे असतील, काठ्या खऱ्या असतील, यंत्रही खोटं बोलत नसेल. पोराचा फटका खराच होता, हे मी विसरलेलो नाही. पण तो कॅमेरा नेहमी चेंडूच्या मागे धावतो, पुढे, पुढे. मागे वळून तो कधी दाखवत नाही की ही टी नुकतीच मागे आणली का आणि आणली तर त्या जागी आधी काय उभं होतं. वाशीच्या त्या काचेसमोर मी पाचही पडद्यांवर तेच शोधत होतो. पाचांपैकी एकावरही दिसलं नाही.

गेल्या रविवारी मैदानावर गेलो. पोरगा आता पुण्याला असतो, अध्यक्ष निवृत्त झाले, सहाव्यावर मी एकटाच होतो. मामा झाडाखाली पाय लांब करून बसले होते, भोवती कालची विटकरी फुलं. मी कमरेला जपत एक फटका मारला. चेंडू कुठे पडला ते मला दिसलं नाही, आताशा दिसत नाही. 

"किती गेला, मामा?" मी सवयीने विचारलं.

मामांनी डोळ्यांवर हात धरला आणि बराच वेळ बघितलं.

"बांधापाशी."

"हो, पण किती?"

"बांधापाशीच, साहेब," ते म्हणाले.