कुलपाआडची खुडूक कोंबडी

नोकरीतल्या मोठमोठ्या केसेस विसरलो, पण भिगवणची ती कुलूपबंद खोली अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

दुपारी पोलीस ठाण्यात एका शेजाऱ्याचा फोन आला. "साहेब, मच्छीवाल्या चाचीचं सामान मालकानं टेम्पोत घालून नेलं. तिचं कुलूप तोडून आपलं ठोकलंय." ठाणे अंमलदार लगेच म्हणाले, "दिवाणी मामला आहे सर, कोर्टात जाऊ दे." या वाक्याची मला कायम चीड. भाड्याचा वाद दिवाणी असेल, पण कुलूप तोडून माणसाला रस्त्यावर काढणं हा गुन्हाच. मी गाडी काढायला सांगितली.

बाजारात मच्छी विकणारी ती विधवा बाई दारापुढच्या पायरीवर ठाण मांडून बसली होती. "जळोची गावची भाची तिच्याकडं ऱ्हायला बोलावती, पर मी हितनं उठणार न्हाय," म्हणाली.

घरमालक तात्यांना बोलावलं. विचारलं, "कोर्टाचा हुकूम आहे?"

"माझ्याच खोलीला हुकूम कशाला? बाई मागल्या महिन्यातच सोडून गेली. आता नाटक करती. खोली रिकामी हाय."

तेवढ्यात एका पुढाऱ्याचा फोन आला, जरा सांभाळून घ्या म्हणून. "कायदाच सांभाळतोय," म्हटलं आणि फोन ठेवला.

खोटं बोलणाऱ्याला मी कधी अडवत नसे. तात्या बोलत राहिले आणि दाराआडून कुरकुर ऐकू आली. मी खेड्यातला माणूस. अंडी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी मला आवाजावरून कळते.

पंच बोलावले आणि तात्यांनाच कुलूप काढायला लावलं. कोपऱ्यातल्या पाटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली, शेजारी वाटीत पाणी आणि कण्या. हमालांनी चोचीच्या भीतीनं तिला तिथंच सोडलं होतं.

"तात्या, महिनाभर हिला पाणी कोण पाजत होतं? आणि घर सोडणारी बाई कोंबडी अंड्यांवर बसवते का?"

तात्यांचं तोंड उतरलं. "चुकलं साहेब. माझ्या भाच्याला दुकानाला जागा पायजे हुती."

गुन्हा दाखल केला. संध्याकाळी तोच टेम्पो सामान घेऊन परत आला. घर कितीही मालकाचं असो, भाडेकरूला बाहेर काढायचं तर कोर्टातूनच. ही बाई ते न शिकता जाणून होती. 'दिवाणी आहे' म्हणण्याआधी त्या दारापर्यंत जाऊन यायचं, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या फौजदाराला बजावलं.

मी निघताना तात्या हळूच म्हणाले, "चाची, पिल्लं निघाल्यावर तरी जाशील न्हवं?"

चाचीनं कोपऱ्यातली पाटी दारातून आलेल्या तिरप्या उन्हातून सावलीत सरकवली. "कोर्टाचा हुकूम आणा, तात्या. तवर पिल्लं बी हितंच, आन् मी बी."